बियाण्याचे मोल कोणत्या मापाने?

न पेरलेल्या बियाण्याचा गुण आधीच कळला, तर निवड करणे सोपे होईल असे वरवर पाहता आपल्याला वाटते. मक्याच्या संकरित वाणांबाबत असे भाकीत आज प्रत्यक्षात केले जाते. मात्र त्याबरोबर एक जुना प्रश्न नव्या वेषात आपल्यापुढे उभा राहतो. जे मोजता येते तेच मोलाचे मानावे काय?

१९०८ साली अमेरिकेत जॉर्ज शल यांनी मक्याच्या शुद्ध वंशांचा संकर केला असता संततीत विलक्षण जोम येतो, हे दाखवून दिले. पण कोणत्या दोन वंशांचा संकर करावा? एक हजार वंशांच्या ४,९९,५०० जोड्या संभवतात. त्या सगळ्या शेतात पारखणे अशक्यच. २००१ साली म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या शास्त्रज्ञांनी जनुकसंचभर पसरलेल्या असंख्य खुणांवरून वंशगुणांचे अनुमान करण्याची रीत मांडली. ती आधी पशुपैदाशीत रुजली व पुढे मक्यात आली. थोडे संकर शेतात पारखायचे आणि उरलेल्यांचे गुण गणिताने वर्तवायचे, असे तिचे स्वरूप आहे.

परंतु वाणाचा गुण एकच नसतो. उत्पन्न, काढणीच्या वेळचा दाण्यातील ओलावा, ताटाचा ताठपणा, रोगप्रतिकार, प्रथिने हे सारे एकमेकांत गुंतलेले असतात. भरघोस पिकणारा वाण पुष्कळदा उशिरा वाळतो. उत्पन्न वाढले की प्रथिनांचे प्रमाण घटण्याकडे कल असतो. अनेक गुणांचे एकत्रित अनुमान या नात्यांचाच उपयोग करून घेते. मोजण्यास महाग असलेल्या गुणाचा माग स्वस्तात मोजता येणाऱ्या गुणावरून काढते. तथापि शेवटी निवड करायची तर कोणत्या गुणाला किती भार द्यायचा, हे ठरवावेच लागते. असा भारित निर्देशांक फेअरफिल्ड स्मिथ यांनी १९३६ सालीच वनस्पतींसाठी मांडला होता. हा भार जनुकांत लिहिलेला नसतो. तो माणूस ठरवतो, आणि इथेच विज्ञानाच्या अंगणात नीतीचे पाऊल पडते.

१९६४ साली पर्ड्यू विद्यापीठातील एडविन मर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या एका वाणात लायसिन हा पोषक घटक दुपटीच्या आसपास असल्याचे जाहीर केले. पण त्याचा दाणा मऊ, उतारा कमी आणि किडीला बळी पडणारा. त्यामुळे बहुतेकांनी तो बाजूला सारला. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात सुरिंदर वासल आणि एवांजेलिना विलेगास यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांनी दाणा टणक केला, पोषणही राखले. २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बाजारात मका वजनावर विकला जातो. पण ज्या बालकाच्या ताटात मक्यावाचून फारसे काही नाही, त्याच्या लेखी लायसिनचे मोल वेगळेच असते. भार ठरवताना ते बालक कोणाच्या ध्यानात असते?

न मोजलेला गुणही आपला हिशेब मागतो. तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून अमेरिकेतील बहुतांश संकरित मक्यात एकाच प्रकारचे नरवंध्यत्व आणले गेले होते. १९७० साली त्याच धाग्यावर करपा रोगाने घाला घातला आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले.

म्हणून भाकीत करणेच गैर, असे आम्ही म्हणणार नाही. वर्षानुवर्षांची वाया जाणारी मेहनत वाचवणे हे सत्कार्यच आहे. शिवाय निवड टाळणे हीदेखील एक निवडच असते. आमचे म्हणणे इतकेच की, कोणत्या गुणाला किती भार दिला ते उघडपणे सांगितले जावे; पेरणाऱ्याला आणि खाणाऱ्याला त्यात शब्द असावा; आणि आज कमी गुण मिळालेले बियाणेही जपून ठेवले जावे. कारण अनुमान हे मागील हंगामांच्या अनुभवावर उभे असते, आणि बियाणे पेरायचे असते ते पुढच्या हंगामासाठी.

आपल्या घरांतही मुलांची पारख आपण अशीच चटकन आकड्यांनी करतो. माप हाती असणे वाईट नाही. मात्र मापात न मावणाऱ्यासाठी कणगीत थोडी जागा राखणे, हे शहाण्या शेतकऱ्याचे लक्षण आहे.