कारा होती की नव्हती?

पन्नास वर्षे चालत आलेली एखादी गोष्ट सांगणाऱ्याने एके दिवशी मध्येच थांबवावी आणि 'आजवर सांगितले ते काही घडलेच नाही, आता पहिल्यापासून ऐका' असे श्रोत्यांना बजावावे, हा त्याचा अधिकार आहे काय? प्रश्न उभा राहिला तो अमेरिकेतील चित्रकथांच्या संदर्भात. तेवढ्यावरून तो पोरकट मानून सोडून द्यावा, असे आम्हांला वाटत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींत थोरांचे प्रश्न कित्येकदा अधिक उघडपणे येऊन बसतात.

आधी थोडी हकिगत. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन छापून आला. पुढल्याच वर्षी बॅटमॅन आला, १९४० मध्ये वाऱ्याच्या वेगाने धावणारा फ्लॅश आला. महायुद्धानंतर यांपैकी बरेच नायक मागे पडले. १९५६ मध्ये प्रकाशकांनी फ्लॅश पुन्हा आणला, पण माणूस निराळा, नाव निराळे, पोशाखही निराळा. मग पहिला कुठे गेला? १९६१ मधील एका कथेने त्याचे उत्तर दिले: दोघेही खरे, मात्र ते दोन वेगळ्या पृथ्वींवर राहतात. युक्ती मोठी चतुर होती. पण दोन पृथ्वींच्या पुढे अनेक झाल्या, आणि कोणता प्रसंग कोणत्या पृथ्वीवर घडला हे ध्यानात ठेवणे वाचकालाच काय, लेखकालाही जड जाऊ लागले.

खरी अडचण वयाची होती. १९३८ मध्ये जो तरुण होता तो १९८५ मध्येही तरुणच कसा? ज्यांनी लहानपणी 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून वेताळाच्या गोष्टी वाचल्या असतील, त्यांना ली फॉकने १९३६ साली या अडचणीवर काढलेला तोडगा आठवेल. वेताळ अमर आहे असे जंगलातले लोक मानतात. वाचकाला मात्र कवटीच्या गुहेतली थडग्यांची रांग ठाऊक असते. बाप मरतो, मुलगा शपथ घेऊन तोच मुखवटा चढवतो, आणि आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. आपल्या नायकाला पुरण्याचे हे धैर्य अमेरिकेतील मोठ्या प्रकाशकांना फारसे झाले नाही. नायक विकला जात होता, आणि विकली जाणारी वस्तू कोणी पुरत नाही.

तरीही नव्या आरंभाची बाजू दुबळी आहे असे कोणी समजू नये. बारा वर्षांचा मुलगा दुकानात येतो, एक अंक उचलतो आणि त्याला पाचव्या पानावर कळते की ही गोष्ट समजायची तर आपल्या जन्मापूर्वीचे दोनशे अंक वाचलेले हवेत. ज्या गोष्टीच्या दारात प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, ती गोष्ट फक्त जुन्या माणसांची होऊन बसते. शिवाय जुन्या अंकांत परक्या वंशाच्या माणसांची विद्रूप चित्रे आहेत, स्त्रियांची थट्टा आहे. ते सारे नव्या लेखकाने निमूटपणे खांद्यावर वाहावे काय? आमची आजी एकच कथा तीन नातवंडांना तीन तऱ्हांनी सांगे, आणि तिला कोणी खोटे म्हटले नाही.

मग बिघडते कुठे? तर पुसण्यात. १९८५-८६ मध्ये डीसी कॉमिक्सने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची कथा काढली. लेखक मार्व वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. साऱ्या पृथ्वी मोडून एकच उरावी, हा तिचा हेतू. सातव्या अंकात सुपरमॅनची चुलत बहीण कारा, म्हणजे १९५९ पासून वाचकांच्या परिचयाची सुपरगर्ल, भावाचा जीव वाचवताना स्वतः मरते. तिचा निष्प्राण देह दोन्ही हातांवर घेऊन आक्रोश करणारा सुपरमॅन हे त्या अंकाचे मुखपृष्ठ, आणि अशा चित्रकथांच्या इतिहासात इतके गाजलेले चित्र विरळाच. पुढल्याच वर्षी जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने सांगितली. तीत तो आपल्या नष्ट झालेल्या ग्रहाचा एकमेव वारस होता. त्याला बहीण नव्हतीच. तेव्हा त्याच्यासाठी कोणी मेलेही नव्हते.

वाचकहो, येथे आम्ही थबकतो. कारा कागदावरची होती, तिला कसले आले मरण, हा आक्षेप आम्हांला ऐकू येतो. परंतु वाचकाचे डोळे कागदाचे नव्हते. ज्याने अश्रू मागितले, त्यांची किंमतही दुकानात मोजून घेतली, त्यानेच वर्षभराने 'रडण्यासारखे काही झालेच नव्हते' असे म्हणावे, ही वचनभंगाची जात आहे. गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक न लिहिलेला करार असतो: मी सांगतो ते घडले असे तू धर, मीही तसेच धरीन. श्रोत्याने आपली बाजू पाळली होती.

हे टोचले असावे ते त्या गोटातल्याही काहींना. १९८९ च्या नाताळ विशेषांकात अ‍ॅलन ब्रेनर्ट यांनी एक छोटी कथा लिहिली. तीत डेडमॅन नावाचा एक भटका आत्मा आहे. तो माणसांना मदत करतो, पण कोणाला दिसत नाही, आणि ऐन नाताळात त्याला त्याचे वैषम्य वाटू लागते. तेव्हा एक सोनेरी केसांची तरुणी त्याच्याशी बोलते. चांगले काम करायचे ते करायला हवे म्हणून. आपण होतो हेदेखील कोणाला ठाऊक नसले तरी त्याने काही उणे होत नाही, अशा आशयाचे ती समजावते आणि निघताना आपले नाव कारा असल्याचे सांगते. डेडमॅनला त्या नावाचा अर्थ कळत नाही. वाचकाला कळतो. आम्हांला ही चिमुकली कथा त्या बारा अंकांहून मोठी वाटते. मात्र विसरले जाण्याची काराची तयारी हा काराचा मोठेपणा झाला. त्याच्या आधारे इतरांनी तिला विसरण्याची मुभा घ्यावी, हे आम्हांला पटत नाही.

एकदा पुसायला सुरुवात केली की पुसणे थांबत नाही, हेही पुढे दिसले. १९९४ मध्ये पुन्हा डागडुजी, २००५-०६ मध्ये आणखी एक, आणि सप्टेंबर २०११ मध्ये तर बावन्न मासिके एकदम पहिल्या अंकापासून सुरू झाली. क्लार्क आणि लुईस यांचा १९९६ मध्ये थाटात लागलेला विवाह त्यात नाहीसा झाला. त्याचे आम्हांला फार दुःख नाही. खरा पेच बार्बरा गॉर्डनचा आहे.

बार्बरा ही बॅटगर्ल. १९८८ मधील एका कथेत जोकर तिच्यावर गोळी झाडतो आणि तिचे पाय जातात. हे केवळ तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला यातना देण्यासाठी घडवले होते. तिचे स्वतःचे दुःख कथेच्या लेखी गौण होते. पण किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याने तिला तिथेच पडू दिले नाही. १९८९ पासून ती ऑरॅकल या नावाने चाकाच्या खुर्चीत बसून, संगणकापुढे, साऱ्या नायकांना वाट दाखवू लागली. अपंग वाचकांना अशी नायिका क्वचितच मिळाली होती. काही वाचक मात्र विचारीत: १९९३ मध्ये बॅटमॅनचा कणा मोडला, तो थोड्याच काळात बरा झाला, मग हिलाच खुर्ची का? प्रश्न न्यायाचा होता. २०११ मध्ये तिला पाय परत मिळाले. गोळी राहिली, खुर्चीतली तीन वर्षे राहिली, पण ऑरॅकलने केलेले काम जवळजवळ लोपले. चाकाच्या खुर्चीवरील कित्येक वाचकांनी आपले दुःख उघड बोलून दाखवले. तिच्यावरील अन्याय दूर झाला म्हणावा, तर त्या अन्यायातून तिने जे उभे केले तेही सोबत गेले. हा पेच आम्हांला पूर्णपणे सुटलेला नाही. पीडिताला तू बरी हो म्हणणे वेगळे आणि तू कधी आजारीच नव्हतीस म्हणणे वेगळे, एवढे मात्र दिसते.

अशा कथाविश्वात कोणती कथा 'खरी' धरायची, या प्रमाण कथांच्या संचाला तिकडचे वाचक 'कॅनन' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे. रोनाल्ड नॉक्स हे पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले आणि त्यांनी बायबलचे इंग्रजी भाषांतरही केले; त्यांनी १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर एक विनोदी निबंध वाचला होता. बायबलच्या चिकित्सकांची पद्धत गुप्तहेरकथांना लावण्याची ती गंमत होती, आणि कथांच्या संदर्भात हा शब्द रुळला त्याचे मूळ बहुधा तिथे शोधले जाते.

पण मग खऱ्या प्रमाणग्रंथात काय झाले तेही पाहावे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात राजे युद्धावर निघण्याच्या दिवसांत दावीद यरुशलेमात मागे राहतो, आणि बथशेबा व उरीया यांची ती भयंकर कथा सुरू होते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा लेखक तेथूनच आरंभ करतो, दावीद यरुशलेमात राहिला असेही सांगतो, आणि थेट लढाईच्या निकालावर जातो. बथशेबा नाही, उरीयाचा खून नाही. हा नवा आरंभच झाला. त्याला त्याचे कारण होते. हद्दपारीतून परतलेल्या लोकांना मंदिराची तयारी करणारा राजा हवा होता. तथापि इतिहासाचे पुस्तक स्वीकारताना शमुवेलाचे कोणी फेकून दिले नाही. दोन्ही शेजारी राहिली. आणि मत्तयाने वंशावळ लिहिताना शलमोनाच्या आईचे नाव घेतलेच नाही. ती उरीयाची पत्नी होती, एवढेच लिहिले. मेलेल्या उरीयाचे नाव तिथे आहे.

म्हणून नव्याने सांगायला आमची हरकत नाही, शेजारी सांगावे. मार्व्हलने २००० मध्ये 'अल्टिमेट' मालिकेत स्पायडरमॅनला पुन्हा शाळकरी केले, तेव्हा जुना स्पायडरमॅन आपल्या जागी चालूच राहिला. डीसीनेही २०२४ मध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट' मालिका मूळ कथेला हात न लावता काढली. आणि जिथे जमेल तिथे वेताळाची वाट धरावी. फ्लॅशच्या बाबतीत एकदा ते जमले होते: १९८५ मध्ये तो मेला, त्याच्या पत्नीचा भाचा वॉली याने ते नाव घेतले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ निभावले. एका पिढीच्या वाचकांना तोच फ्लॅश ठाऊक आहे.

बार्बराची कथाही पुढे सरकली आहे. २०२० पासूनच्या अंकांत ती पुन्हा ऑरॅकल झाली. पाठीच्या कण्यात बसवलेल्या यंत्राच्या आधाराने ती चालते, पण त्या यंत्राच्याही मर्यादा आहेत. तेव्हा एखाद्या रात्री ती छपरांवरून धावते, आणि बऱ्याच रात्री पडद्यांसमोर बसून दुसऱ्यांना रस्ता सांगते.