क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

युगांडाच्या उत्तर भागात अबोके या गावी धर्मभगिनींनी चालविलेली मुलींची एक निवासी शाळा आहे. १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटेपूर्वी जोसेफ कोनी याच्या 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर टोळीने वसतिगृह फोडून १३९ मुली पळवून नेल्या. इटलीहून आलेल्या सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकाला सोबत घेऊन रानात त्यांच्या मागावर निघाल्या आणि विनवण्या करून त्यांनी १०९ मुली सोडवून आणल्या. ३० मुली टोळीने ठेवून घेतल्या. या टोळीच्या नावातच 'प्रभू' आहे, आणि तिचा म्होरक्या दहा आज्ञांवर आधारलेल्या राज्याची भाषा बोलत असे!

त्या तिसांपैकी एकीची आई म्हणजे अँजेलिना आत्याम. पळविलेल्या मुलींचे पालक प्रार्थनेसाठी एकत्र जमत. एकदा प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता, अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीशी येऊन त्यांचे शब्द अडले. ती ओळ आपण रोज सहज म्हणून टाकतो. त्या पालकांना मात्र ती पेलवेना. पुढे आत्यामबाईंनी, आपल्या मुलीला ताब्यात ठेवणाऱ्या माणसाच्या आईला गाठून, क्षमा केल्याचे सांगितले. पण त्या गप्प बसल्या नाहीत. आवाज उठविणे थांबविल्यास तुमची मुलगी परत करू, असा निरोप टोळीकडून आला, तेव्हा त्यांनी सर्वच मुलांची सुटका मागितली. मुलगी २००४ साली, जवळजवळ आठ वर्षांनी, स्वतःच निसटून आली.

क्षमा म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक, असा समज आपल्याकडेही पुष्कळ आहे. या आईने तो खोटा ठरविला. परंतु तिने क्षमा केली ती आपल्या दुःखापुरती. इतर आयांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिला होता काय? आणि सरकारला असतो काय?

युगांडाच्या संसदेने २००० साली माफीचा कायदा केला. शस्त्र खाली ठेवणाऱ्यावर खटला भरायचा नाही, असे ठरले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत गुलूचे आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा होते. पळवून नेले जाण्याच्या भीतीने खेड्यांतील मुले रोज संध्याकाळी शहरात येऊन उघड्यावर झोपत. २००३ साली ओडामा चार रात्री त्यांच्यासोबत रस्त्यावर झोपले. अँग्लिकन बिशप ओचोला यांची मुलगी बंडखोरांच्या अत्याचारानंतर मृत्यू पावली, पत्नी भूसुरुंगाने गेली. तरीही ते समेटच मागत होते. कारण उघड आहे. टोळीत लढणारे बहुतेक जण त्यांच्याच घरांतून पळविलेली मुले होती. शिक्षा मागायची ती कोणाला?

डॉमिनिक ओंग्वेन हा असाच एक मुलगा. शाळेच्या वाटेवरून नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला पळविले, आणि तोच मोठा होऊन टोळीचा सेनाधिकारी झाला. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ साली त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. भीतीपोटी केलेले कृत्यही मूलतः स्वेच्छेचेच असते, वादळात जहाजावरील माल समुद्रात फेकणाऱ्या खलाशाप्रमाणे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. सेमिनरीत हे वाक्य सोपे वाटले होते. पण ज्याची निवडशक्तीच नवव्या वर्षी हिरावली गेली, त्याला ते कितपत लागू पडते? बचावाचा दबावाचा मुद्दा न्यायाधीशांनी फेटाळला, पण शिक्षा ठरविताना त्याचे हरवलेले बालपण विचारात घेतले. मला हा निवाडा योग्य वाटतो. मात्र सरकारी सैन्याने खेडुतांना छावण्यांत कोंबले आणि तेथे अनेक जण रोगराईने मेले, त्याचा जाब या न्यायालयात कोणालाही द्यावा लागलेला नाही. तराजूचे एकच पारडे भरल्यासारखे हे झाले.

अचोली लोकांची 'मातो ओपुत' ही जुनी रीत आहे. खुन्याच्या कुळाने अपराध कबूल करायचा, भरपाई द्यायची, आणि मग दोन्ही कुळांनी एकाच भोपळ्यातून ओपुत झाडाच्या मुळांचे कडू पेय प्यायचे. पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त ही आपल्या संस्काराची अंगे येथे ओळखू येतात. पण ज्याने आज्ञेवरून अनोळखी गावे जाळली, त्याने कोणत्या कुळासमोर गुडघे टेकावेत? शिवाय अबोके हे लांगो लोकांच्या मुलखात आहे, त्यांची ही रीतच नव्हे.

२०२४ साली हेगच्या न्यायालयाने ओंग्वेनच्या पीडितांना प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक भरपाई मंजूर केली. त्याच्यापाशी काहीच नसल्याने ही रक्कम पीडितांसाठीच्या निधीने देणग्यांतून उभारावी, असे ठरले. मातो ओपुतमध्ये ते देणे कुळाने गुरे विकून फेडले असते. येथे ते जगभरच्या अनोळखी दात्यांकडे गेले.