सरवा कोणाचा?

सुगी संपली की शेतात मागे राहिलेला सरवा गरिबाने वेचावा, ही रीत आपल्या नगर जिल्ह्यातील खेड्यांना नवी नाही. मोशेच्या नियमशास्त्राने तिला हक्काचे रूप दिले. शेताचा कोपरा धन्याने कापावयाचा नाही. तो दरिद्री व परका यांचा. रूथ त्याच हक्काने बवाजाच्या शेतात गेली. परंतु धन्याने शेताचे कुंपणच उंच केले, तर नियम कागदावर राहील आणि गरीब रिकाम्या हाताने परतेल.

आपल्या राज्यात हा प्रश्न न्यायासनापुढे आला. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नसावेत. ते काम शक्यतो ग्रामसमुदाय, महिला मंडळे व बचत गट यांच्यामार्फत व्हावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ ऑक्टोबर २००४ चा आदेश होता. २०१६ मध्ये राज्य शासनाने घरपोच पोषण आहारासाठी निविदा मागविल्या. त्यांविरुद्ध बचत गट न्यायालयात गेले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही निविदा-प्रक्रिया रद्द केली व ती नव्याने राबविण्यास सांगितले. अटी गटांपेक्षा बड्या उद्योजकांना सोयीच्या होत्या, हा आक्षेप न्यायालयाला पटला.

यावर एक प्रामाणिक शंका घेतली जाते. हा आहार बालकांसाठी आहे, गटांच्या रोजगारासाठी नव्हे. मोठ्या कारखान्यात तो अधिक स्वच्छ होत असेल, तर लहानांचा आग्रह का? शंका अर्धी खरी आहे. बाळाच्या घासाची शुद्धता कोणाच्याही रोजगारासाठी सैल होता कामा नये. परंतु स्वच्छतेची अट वेगळी आणि उलाढालीची अट वेगळी. पहिली बाळाचे रक्षण करते. दुसरी पुष्कळदा लहानाला केवळ दाराबाहेर ठेवते. लहान समूहाला जे साधते ते मोठ्याने आपल्याकडे ओढून घेणे अन्यायाचे आहे, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात शिकविले, ते याच अर्थाने.

मात्र न्याय मागणाऱ्यावरही भार आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी भगिनी बचत गटांत आहेत. टक्केवारी घेऊन गटाचे नाव ठेकेदाराला वापरू देणे म्हणजे धन्याच्या गड्याला आपले लुगडे नेसवून सरवा वेचायला धाडणे होय. त्यात फसते ती शेजारची गरीब बाई आणि तिचे बाळ. म्हणून सही करण्यापूर्वी भगिनींनी एवढे विचारावे: या कागदाने चूल कोणाची पेटणार, आणि घास कोणाच्या मुखी पडणार?