दोन कप्पे आणि एक मन

कोड एडिटरच्या एकाच खिडकीचे दोन किंवा अधिक कप्पे पाडून त्यांत वेगवेगळ्या फाइली, किंवा एकाच फाइलचे दूरदूरचे भाग, शेजारीशेजारी उघडण्याला स्प्लिट व्ह्यू म्हणतात. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि बॅकस्लॅश या कळा एकत्र दाबल्या की ते होते; विममध्ये त्यासाठी ‘व्हीस्प्लिट’ ही कमांड आहे. दिल्लीलगतच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये किंवा गुरुग्रामच्या सायबर सिटीत, याकडे कोणी तत्त्वज्ञानाचा विषय म्हणून पाहत नाही. त्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे: मनाला एका क्षणी दोन गोष्टी कळतात का?

न्यायदर्शनाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. खुद्द दिल्लीत, कटवारिया सराईतल्या लाल बहादूर शास्त्री राष्ट्रीय संस्कृत विश्वविद्यालयात, हे दर्शन आजही शिकवले जाते. गौतमाच्या न्यायसूत्रांत मन मानण्याचे कारणच या नकारातून काढले आहे. डोळ्यासमोर रूप आहे, कानाशी शब्द आहे, तरी दोन्हींचे ज्ञान एकदम होत नाही. म्हणजे आत्मा आणि इंद्रिये यांच्यामध्ये आणखी काहीतरी असले पाहिजे, आणि ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाईल इतके सूक्ष्म, म्हणजे अणू, असले पाहिजे. यावरचा आक्षेप खमंग आहे. लांबलचक, कुरकुरीत शष्कुली (चकलीची पूर्वज म्हणायला हरकत नाही) खाताना तिचा आवाज, वास, चव आणि स्पर्श सगळे एकदमच कळते, त्याचे काय? नैयायिक म्हणतात, कमळाची शंभर पाने एकावर एक रचून सुई खुपसली तर ती एकदम भेदली गेल्यासारखी वाटतात; सुई जाते मात्र एकेका पानातूनच. मनही असेच इतके चपळ असते की क्रम ध्यानात येत नाही. भाट्ट मीमांसकांना हे पटले नाही. त्यांनी मन विभू, सर्वव्यापी मानले.

एडिटर या वादात नैयायिकांच्या बाजूचा दिसतो. कप्पे कितीही पाडा, सक्रिय कप्पा एकच असतो आणि टाइप केलेले तिथेच जाते. मग दुसऱ्या कप्प्याचा उपयोग काय? उत्तर न्यायाच्या ज्ञानविभागणीत सापडते. आठल्ये आणि बोडस यांच्या १८९७ च्या मुंबई आवृत्तीमुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा झालेला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग करतो. स्मृती केवळ संस्कारातून उपजते. प्रत्यक्ष हा अनुभवाचा प्रकार आहे. व्याज मोजणारे फंक्शन एका फाइलमध्ये आहे आणि ते दुसऱ्या फाइलमध्ये वापरायचे आहे, असे समजू. त्याला आधी रक्कम द्यायची की तारीख, हे एकच टॅब समोर असेल तर आठवावे लागते. आठवण चुकली तर चूक कोडमध्ये उतरते, आणि ती सापडेपर्यंत संध्याकाळ होते. शेजारच्या कप्प्यात व्याख्या उघडी असेल तर नजर वळवली की काम झाले. स्प्लिट व्ह्यू मनाचे दोन भाग करत नाही, तो स्मृतीच्या जागी प्रत्यक्ष आणून ठेवतो.

शतावधानी, म्हणजे एकाच बैठकीत शंभर गोष्टींचे अवधान राखणारे, नेमके उलट करतात. २२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये जैन साधक श्रीमद् राजचंद्रांनी शतावधान केले, ते तुकड्यातुकड्यांनी कानी पडलेले सारे स्मृतीत जागच्या जागी धरून. ती सिद्धी थोर खरी, पण पगारी नोकरीत तिची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

डिफची, म्हणजे कोडच्या दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या कप्प्यांची, गोष्ट वेगळी. रिव्ह्यूच्या वेळी डावीकडे जुना कोड, उजवीकडे नवा. गेलेल्या ओळी लाल, आलेल्या हिरव्या. ‘हे त्याहून वेगळे आहे’ हे कळायला दोन्ही बाजू एकाच ज्ञानात याव्या लागतात. न्यायाला हेही मान्य आहे. अनेक विषय असलेल्या एका ज्ञानाला तो समूहालंबन ज्ञान म्हणतो. नकार आहे तो एकाच क्षणी दोन ज्ञाने होण्याला, एका ज्ञानाला दोन विषय असण्याला नाही. इतका बारीक भेद करून ठेवल्याबद्दल नैयायिकांचे आभारच मानायला हवेत. त्यावाचून डिफचा उलगडा होत नाही.

साधनेच्या अंगाने पाहता शंका येते, ती विक्षेपाची, म्हणजे मन विचलित होण्याची. पतंजलीच्या योगसूत्रांत एकाग्रतेचे लक्षण एकामागून एक येणारे प्रत्यय, म्हणजे मनात उठणारी ज्ञाने, सारखे असणे असे आहे. या कसोटीवर फंक्शन आणि त्याची टेस्ट शेजारीशेजारी ठेवणे एकाग्रतेच्या आड येत नाही, कारण नजर फिरली तरी विषय तोच राहतो. कप्प्यात चॅट किंवा क्रिकेटचा स्कोअर उघडला की प्रत्ययांची जात बदलते. पॉल चँडलर आणि जॉन स्वेलर यांनी १९९२ मध्ये शिक्षणाच्या संदर्भात हेच दुसऱ्या बाजूने मांडले: एकमेकांवाचून न समजणारी आकृती आणि मजकूर दूरदूर ठेवले, तर त्यांची सांगड घालण्यातच विद्यार्थ्याची शक्ती खर्च होते.

म्हणून एकमेकांशी संबंध असलेले दोन कप्पे पुरेत. चौदा इंची लॅपटॉपवर तिसरा उघडला की लांब ओळी उजवीकडे कापल्या जातात, त्या पाहायला मजकूर सरकवावा लागतो, आणि सरकून गेलेले पुन्हा आठवत बसावे लागते.