घरट्याचा पत्ता

माहीम आणि धारावीच्या मध्ये, मिठी नदीच्या काठाला लागून ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथल्या सावलीत उभं राहिलेल्या माणसाला सांगून खरं वाटत नाही, पण ही एके काळी मुंबईचा कचरा टाकायची जागा होती. त्या ढिगाऱ्यांवर माती पसरून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. अशा जागी सुट्टीच्या सकाळी कॅमेरे घेऊन हिंडणाऱ्यांचे गट आता सर्रास दिसतात. यात मला आनंदच आहे. मॉलमध्ये जाण्यापेक्षा राणी पाकोळीच्या मागे धावणं केव्हाही बरं. महाराष्ट्रानं या फुलपाखराला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य.

परवा अशाच एका वॉकला गेलो होतो. वॉक नेणाऱ्या ताईंनी फाटकापाशीच तीन गोष्टी सांगितल्या: घरट्याचा फोटो काढायचा नाही, मोबाईलवर पक्ष्याचा कॉल वाजवायचा नाही, आणि काही खास दिसलं तर त्याचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तासाभरानं एका तरुणानं विचारलंच, ‘‘ताई, पिंगळ्याची ढोली तुम्हाला माहितीये ना? मग दाखवत का नाही? आम्ही पैसे भरलेत.’’ ताई म्हणाल्या, ‘‘पैसे चालायचे भरलेत.’’ लोक हसले, तरुण हसला नाही. मला त्याचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा वाटला नाही.

आपल्याकडे ज्ञान लपवणाऱ्याला चांगलं म्हणत नाहीत. बंदिश मरेपर्यंत शिष्याला न देणारा गवई, औषधाची मुळी कुणाला न सांगणारा वैद्य, यांना आपण नावंच ठेवत आलो. मग ढोली ठाऊक असून तोंड मिटून पुढे जाणाऱ्या ताई त्याच पंगतीत बसतात का?

याचं उत्तर शोधायचं तर शिंप्याचं घरटं जवळून समजून घ्यायला हवं. शिंपी म्हणजे चिमणीहूनही लहान, शेपटी उभारून झुडपात ओरडत फिरणारा पक्षी. मादी झाडावरच्या जिवंत पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडते. त्यांतून कापसाचे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून पानाचा द्रोण करते आणि आत मऊ अस्तर घालते. पान देठाला जोडलेलंच असतं, म्हणून हिरवं राहतं आणि इतर पानांत मिसळून जातं. घरटं पुष्कळदा कमरेच्या उंचीवर असतं, हात सहज पोचेल असं. फोटो काढणाऱ्याची अडचण अशी, की समोर आडवं येणारं पान ‘क्लीन’ फ्रेम मिळू देत नाही. मग ते पान बाजूला धरलं जातं. कुणी रबरबँड लावतं, कुणी सरळ खुडतं. फोटो झाला की मंडळी पुढे जातात. मागे पिसंही न फुटलेल्या पिल्लांवर ऊन येतं, आणि इतका वेळ माणसं कुठे पाहत होती हे कावळ्यानं पाहून ठेवलेलं असतं. भारद्वाजालाही पिल्लांचं वावडं नाही.

चोचीत अळी धरून उघड्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. अशा फोटोला खूप लाइक मिळतात. पण घास तोंडात असताना हा पक्षी बाहेर का बसून राहिला, हे कुणी विचारत नाही. बऱ्याचदा तो घराच्या वाटेवर माणूस उभा आहे म्हणून खोळंबलेला असतो. ज्याला आपण ममता म्हणून दाद देतो ती आपणच घडवलेली अडवणूक असते, आणि चौकटीत त्याचा मागमूस नसतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली पहिला आलेला लांडग्याचा फोटो पुढच्याच वर्षी बाद झाला. लांडगा पाळीव असावा, असं परीक्षकांचं मत पडलं. लबाडी अशी हुडकून काढता येते. बाजूला धरलेलं पान कोणत्या परीक्षकाला दिसणार?

कायद्यानं मात्र हे फार पूर्वी ओळखलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातली ‘शिकार’ची व्याख्या काढून वाचा. मारणं, पकडणं तर आहेच. आमिष दाखवणं आहे, आणि जंगली पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणंही आहे. ‘आम्ही बंदूक नाही, कॅमेरा आणलाय’ असं टी-शर्टावर मिरवणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

यावर जुने लोक म्हणतात, पूर्वीचे थोर छायाचित्रकार घरट्यापाशीच तर बसायचे. खरं आहे. इंग्लंडच्या कीअर्टन बंधूंचं १८९५ चं गाजलेलं पुस्तकच पक्ष्यांच्या घरट्यांवर आहे. जवळ जाता यावं म्हणून या भावांनी पोकळ बैल करून त्याच्या पोटात दडून फोटो काढले. पण त्यांच्या हातात काचेच्या प्लेट होत्या, कॅमेरा अवजड होता आणि उडता पक्षी टिपण्याची सोय नव्हती. पक्षी हमखास परत येईल अशी एकच जागा त्यांना ठाऊक होती. आज सहाशेची लेन्स आणि सेकंदाला वीस फ्रेम हातात असताना त्यांचा दाखला देण्यात अर्थ नाही.

आता माळ्याविषयी, कारण ढोलीचा पत्ता ताईंच्याही आधी त्याला कळतो. दुसऱ्या एका शहरातल्या बागेत मी पाहिलंय: कॅमेरेवाले आत आले की माळीकाकांना हळूच बाजूला घेतात, शंभराची नोट पुढे होते आणि काका घरट्यापाशी नेऊन उभं करतात. मग कॅमेरेवाल्यांच्याच चहाच्या गप्पांत ‘माळी बिघडलेत’ हा विषय निघतो. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या खांद्यावर काही लाखांचं सामान आहे त्यानं नोट काढायची आणि पाप ठेक्यावर झाडू मारणाऱ्याच्या नावावर मांडायचं! काकांना फुलपाखरं कोणत्या लिंबाखाली घुटमळतात हे माहीत आहे, कोणत्या नळाच्या थेंबावर सूर्यपक्षी येतो, कोणत्या ओंडक्यावर पावसात छत्र्या उगवतात हेही माहीत आहे. त्याचे पैसे द्या ना, उघडपणे, वॉकच्या फीमधून. घरट्याचा बाजारभाव आपोआप पडेल.

गवयाची बंदिश आणि ढोलीचा पत्ता यांत फरक दिसतो तो इथे. बंदिश सांगितल्यानं बंदिशीचं काही जात नाही. पत्ता सांगितला की त्याचा खर्च तिसराच कुणीतरी भरतो, आणि त्याला विचारलेलं नसतं. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ईबर्ड’वर संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं म्हणूनच झाकून ठेवतात. नोंद होते, अभ्यास अडत नाही, पत्ता तेवढा फुटत नाही. पण शिंपी किंवा दयाळ त्या यादीत कशाला येतील? ते गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बाबतीत जो पाहील त्यानंच काय ते ठरवायचं.

ताईंनी ठरवलंय. विणीच्या दिवसांत वॉकमधला झुडपांकडचा तुकडा वगळणार. ‘‘मग फी कमी होणार का?’’ असं त्या तरुणानं विचारलं. नाही म्हणाल्या. पुढच्या वॉकला त्यानं नाव घातलंय, पण अजून पैसे भरलेले नाहीत.