त्रिपुरीचा भावक आणि आजचा चित्रपटरसिक

चित्रपट पाहून आलेला प्रेक्षक त्याविषयी जे मत सहज बोलून जातो, त्याला ज्ञानाच्या दृष्टीने काही किंमत आहे का, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी सौंदर्यशास्त्राच्या मुळाशी तोच आहे. अमुक चित्रपट कंटाळवाणा होता, तमुकाला मानांकन उगीचच मिळाले, एखाद्या गल्लाभरू चित्रपटाने मात्र खरोखर रडवले, अशी मते देणारा माणूस एखाद्या वस्तूविषयी काही सांगत असतो, की केवळ स्वतःच्या मनःस्थितीचे वर्णन करीत असतो? तो स्वतःविषयीच बोलत असेल तर त्याच्याशी वाद घालणे निरर्थक ठरते. आणि तो वस्तूविषयी बोलत असेल तर त्याचे विधान खरे किंवा खोटे असण्याची शक्यता मान्य करावी लागते. प्रत्यक्षात मात्र रुची ज्याची त्याची असते, असे म्हणणारी माणसेच चित्रपटांवरून रात्र-रात्र भांडतात, आणि या विसंगतीतच प्रश्नाची खरी गुंतागुंत आहे.

या प्रश्नाचा विचार जबलपूरच्या संदर्भात करण्याला आधार आहे. शहराच्या पश्चिमेस भेडाघाटच्या वाटेवर लागणारे तेवर हे गाव म्हणजे कलचुरी राजांची प्राचीन राजधानी त्रिपुरी होय. या राजवंशाचे कोरीव लेख वासुदेव विष्णु मिराशी या नागपूरच्या मराठी पंडिताने संपादित केले आणि ते 1955 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकात युवराजदेव पहिला याच्या दरबारी राजशेखर हा कवी आणि काव्यशास्त्रज्ञ काही काळ राहिला होता, आणि त्याची ‘विद्धशालभञ्जिका’ ही नाटिका याच दरबारात रंगली असावी, असे अभ्यासक मानतात. राजशेखर यायावर कुळातला होता आणि त्याच्या पणजोबांचा उल्लेख महाराष्ट्राचे भूषण म्हणून होतो. त्यामुळे कनौज आणि त्रिपुरी या उत्तरेकडील दरबारांत वावरलेला हा माणूस मुळाने महाराष्ट्रीय ठरतो. जबलपूरच्या मराठी मंडळींनी त्याला आपला पूर्वसूरी मानले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाचा आज पहिलाच भाग उपलब्ध आहे, आणि 1916 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून तो छापला गेला. त्यात प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: काव्य घडवणारी ती ‘कारयित्री’ आणि काव्य ग्रहण करणारी ती ‘भावयित्री’. रसग्रहणाच्या शक्तीलाही प्रतिभा म्हणणे हे मोठे धाडस होते, कारण त्यामुळे प्रेक्षक हा नुसता भोक्ता न राहता कलाकृतीच्या सिद्धीतला भागीदार ठरतो. अशा ग्रहणकर्त्याला तो ‘भावक’ म्हणतो आणि त्याचे चार प्रकार करतो. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी. गवतासकट सगळे खाणारा, म्हणजे निवड न करता सारेच स्वीकारणारा, तो सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचा गुण दिसत असूनही त्याबद्दल मौन पाळणारा तो मत्सरी. आणि वस्तूच्या तत्त्वाशी भिडणारा, हजारात एखादाच सापडणारा, तो तत्त्वाभिनिवेशी.

या वर्गीकरणाचा सर्वांत उपयुक्त भाग त्याच्या तपशिलात आहे. राजशेखर अरोचकतेचेही दोन भेद करतो: एक जन्मजात, जी कोणत्याही संस्काराने जात नाही, आणि दुसरी ज्ञानातून आलेली, जिला एखादी विशेष गोष्ट भेटली तर रुची उत्पन्न होते. सतृणाभ्यवहारिता मात्र तो सर्वसाधारण मानतो, कारण नव्याने शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ठायी विवेकाआधी कुतूहल जागे होते. म्हणजे दिसेल तो चित्रपट पाहणारा आणि प्रत्येकावर मत देणारा उत्साही चाहता हा राजशेखराच्या दृष्टीने उपहासाचा विषय नाही. तो भावक होण्याच्या पहिल्या पायरीवर उभा आहे. उलट महोत्सवांतले चित्रपट पाहून लोकप्रिय चित्रपटांना नाक मुरडणाऱ्याने आपली अरोचकता ज्ञानातून आली आहे की स्वभावातून, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते, आणि हे तपासण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. शिवाय हे चार भावक म्हणजे चार निराळी माणसे आहेत, असे समजण्याचेही कारण नाही. गाजलेल्या चित्रपटापुढे अरोचकी असलेला प्रेक्षक मानांकनाची मोहोर बसलेल्या चित्रपटापुढे सतृणाभ्यवहारी होतो, हे नित्य दिसते.

मानांकन हे कोणत्या जातीचे प्रमाण आहे, हे पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ऑस्कर पुरस्कारांत आंतरराष्ट्रीय (पूर्वीच्या नावाने परदेशी भाषेतील) चित्रपटांच्या विभागात प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो, आणि भारतातर्फे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. ‘मदर इंडिया’ (1957), ‘सलाम बॉम्बे’ (1988) आणि ‘लगान’ (2001) या तीन भारतीय प्रवेशिका या विभागात अंतिम पाचांत पोहोचल्या. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट देशातर्फे पाठवले गेले, पण मानांकनापर्यंत गेले नाहीत. जबलपूरमध्ये जन्मलेले रघुवीर यादव ‘सलाम बॉम्बे’त चिलम आणि ‘लगान’मध्ये भूरा म्हणून दिसतात, आणि भारताने ऑस्करला पाठवलेल्या ‘रुदाली’, ‘पीपली लाइव्ह’, ‘न्यूटन’ या चित्रपटांतही ते आहेत. ‘मॅसी साहब’मधील त्यांची भूमिका ज्याने पाहिली आहे, त्याला त्या अभिनयाचा मोठेपणा पटण्यासाठी या यादीची गरज नाही, आणि ज्याने ती पाहिलेली नाही, त्याच्या हाती ही यादी देऊन अभिनयाविषयी काहीच सांगितले जात नाही.

याचे कारण मतमोजणीच्या स्वरूपात आहे. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सदस्य आपल्या पसंतीचा क्रम लावतात, आणि सर्वांत कमी मते मिळवणारा चित्रपट बाद करीत त्याची मते पुढच्या पसंतीला दिली जातात. या पद्धतीत मोजक्यांना वेड लावणाऱ्या पण पुष्कळांना न पटणाऱ्या चित्रपटापेक्षा बहुतेकांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढे सरकण्याचा संभव अधिक असतो. अंतिम फेरीत मत देण्यासाठी त्या विभागातील सर्व चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत, हा नियम सर्व विभागांना सरसकट लागू करण्याची घोषणा तर 2025 मध्ये झाली. पुरस्कार म्हणजे अनेक रुचींची बेरीज होय. ही बेरीज व्यवहारात उपयोगी आहे, परंतु ती करणारा कोणी एक भावक नसतो, आणि म्हणून त्या निर्णयामागचे कारण विचारण्याची सोयच उरत नाही. सामान्य चाहत्याचे मत कितीही कच्चे असले तरी त्याच्यामागे एक प्रत्यक्ष अनुभव असतो आणि त्या अनुभवाचा धनी समोर बसलेला असतो. या एका बाबतीत त्याचे मत मानांकनाहून वरचढ आहे, असे म्हणावे लागते.

तथापि अनुभव प्रत्यक्ष असला म्हणून तो निर्दोष असतो असे नाही. अभिनवगुप्त या काश्मिरी आचार्याने नाट्यशास्त्रावरील टीकेत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. दाखवले जाणारे शक्यच वाटत नाही, हे पहिले विघ्न, ज्याला तो संभावनाविरह म्हणतो. समोरचे सुखदुःख आपलेच किंवा अमक्या परक्याचेच आहे अशा भावनेने विशिष्ट स्थळकाळात अडकून पडणे, हे दुसरे. आपल्याच खासगी सुखदुःखाने मन व्यापलेले असणे, हे तिसरे. जबलपूरचा प्रेक्षक या विघ्नांचे जिवंत उदाहरण आहे. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून वाहणारी नर्मदा ‘जिस देश में गंगा बहती है’ (1960) या चित्रपटातील गाण्यात दिसते, ‘अशोका’ (2001) मध्ये दिसते, आणि ‘मोहेंजो दारो’ (2016) मधील मगरीशी झुंज तिथेच चित्रित झाली. अन्यत्रच्या प्रेक्षकाला ते पाणी सिंधुसंस्कृतीच्या काळातले म्हणून सहज पटते. पण ज्याने लहानपणापासून नावेतून ते कडे पाहिले आहेत, त्याला पडद्यावर प्रागैतिहासिक नदी न दिसता ओळखीचा घाट दिसतो. कोणाला त्याचे हसू येते आणि कोणाचा ऊर अभिमानाने भरून येतो, पण दोन्ही प्रसंगी रस बाजूला पडतो, कारण प्रेक्षक चित्रपट न पाहता आपले गाव पाहत असतो. ‘आमच्या भेडाघाटावर काढलाय, म्हणून छान आहे’ हे मत प्रामाणिक आहे, फक्त ते त्या चित्रपटाविषयी नाही.

येथे असा आक्षेप येऊ शकतो की, अशी सर्व आसक्ती गळून पडल्यावर जे पाहणे उरते तेच शुद्ध पाहणे होय. याच शहरात 1966 पर्यंत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आचार्य रजनीशांच्या, म्हणजे पुढे ओशो म्हणून प्रसिद्ध झालेल्या विचारवंताच्या, उपदेशात साक्षीभावाला, म्हणजे मनातल्या हालचालींकडे निवड न करता पाहण्याला, मध्यवर्ती स्थान होते. वेदान्तातही पडद्यावरची चित्रे येतात-जातात आणि पडदा मात्र अलिप्त राहतो, हा दाखला रमण महर्षींपासून परिचित आहे. परंतु साक्षी आणि रसिक यांची गल्लत करणे योग्य नाही. साक्षीला मत नसते, त्याला चांगल्या आणि सुमार चित्रपटांत भेद करण्याचे प्रयोजनच नसते. रसिकाची अलिप्तता वेगळी आहे: तो स्वतःचे खासगी दुःख बाजूला ठेवतो ते दुःखापासून सुटण्यासाठी नव्हे, तर पात्राच्या दुःखात सर्वांना साधारण अशा पातळीवर सहभागी होता यावे म्हणून. या प्रक्रियेला काव्यशास्त्रात साधारणीकरण म्हणतात. रसास्वाद ब्रह्मास्वादाचा सहोदर आहे, असे साहित्यशास्त्र म्हणते. दोघे एकच आहेत, असे म्हणत नाही.

सहभाग सर्वसाधारण पातळीवरचा असतो, या मुद्द्यातूनच मताच्या प्रामाण्याचा मार्ग निघतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 मधील आपल्या ग्रंथात दाखवले की, एखादी गोष्ट मला सुखावते असे म्हणणारा कोणाच्याही संमतीची अपेक्षा करीत नाही, पण ती सुंदर आहे असे म्हणणारा सर्वांनी सहमत व्हावे अशी मागणी करतो, जरी ती सिद्ध करून देण्याचा नियम त्याच्याजवळ नसला तरी. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात या भूमिकेची कसून तपासणी केली आणि कलेचा विचार अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये फिरत राहतो, असे मांडले. चित्रपटाच्या चाहत्याला हे दोन्ही ध्रुव अनुभवाने ठाऊक असतात: छायाचित्रण अप्रतिम आहे असे तो म्हणतो आणि त्याच दमात गोष्ट खोटी वाटली असेही म्हणतो. त्याचे बोलणे विसंगत नसते; ते अपुरे असते, आणि ते पुरे करण्यासाठी त्याला कोणीतरी ‘का’ असे विचारावे लागते. त्या प्रश्नावर जो विशिष्ट दृश्याकडे, विशिष्ट मौनाकडे, गाण्याच्या चुकलेल्या जागेकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्याला तिथे पुन्हा पाहायला लावतो, त्याचे मत सिद्ध झालेले नसले तरी तपासण्याजोगे झालेले असते. जो केवळ पुरस्कारांची संख्या किंवा तिकीटविक्रीचे आकडे पुढे करतो, त्याने मत देण्याचे टाळलेले असते.

व्यक्तिपरत्वे मते का बदलतात, हा प्रश्न राजशेखरापुढेही होता आणि त्याची त्याने केलेली नोंद अतिशय लक्षणीय आहे. पाल्यकीर्ति या जैन पंडिताचे मत तो असे देतो की, वस्तूचे रूप कसेही असो, रसवत्ता बोलणाऱ्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. ज्याची अनुरक्त माणूस स्तुती करतो त्याचीच विरक्त माणूस निंदा करतो आणि मध्यस्थ उदासीन राहतो. त्यानंतर तो आपली पत्नी अवन्तिसुंदरी हिचे मत नावानिशी देतो. तिच्या म्हणण्याप्रमाणे वस्तूला नियत असा स्वभावच नसतो, तिचे रूप चतुर उक्तीच्या वळणावर ठरते. चंद्राची स्तुती करायची असेल तर कवी त्याला अमृतकिरणांचा म्हणतो आणि निंदा करायची असेल तर दोषांची खाण म्हणतो. एकाच्या मते भेदाचे मूळ बोलणाऱ्याच्या स्वभावात, तर दुसरीच्या मते बोलण्याच्या कसबात. शास्त्रग्रंथात पूर्वपक्ष खोडून सिद्धान्त सांगण्याची रूढी असताना राजशेखर इथे कोणालाही खोडत नाही. दोन्ही मते उपपन्न आहेत, म्हणजे युक्तीला धरून आहेत, एवढेच म्हणून तो पुढच्या विषयाकडे वळतो.