परतीच्या दिवसाचे जेवण

मुख्यतः खाण्यासाठी आखलेल्या परदेश सहलीत शेवटचा दिवस सर्वांत अवघड असतो. सुरुवातीला भूक मोठी आणि खायच्या पदार्थांची यादी त्याहून मोठी असते. शेवटी यादी निम्मी उरते आणि पोटात जागा राहत नाही. दुपारी खोली रिकामी करायची, संध्याकाळी विमानतळ गाठायचा. मध्ये जेमतेम दोन जेवणे. जोडप्याच्या प्रवासात आणखी एक पेच पडतो. एकाला राहून गेलेले काही नवे चाखायचे असते, तर दुसऱ्याला आवडलेले तेच पुन्हा खायचे असते.

हा पेच सिंगापूरमध्ये फार स्पष्ट दिसतो. तिथले रस्त्यावरचे खाद्यविक्रेते, म्हणजे हॉकर, १९६८-६९ मध्ये सरकारने नोंदवले आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या बांधीव हॉकर सेंटरांत हलवले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हैनानी स्थलांतरितांचा चिकन राइस, मलय लोकांचा नासी लमाक, चिनी-मलय मिश्र परंपरेच्या पेरानाकन घरांतला लाक्सा आणि दक्षिण भारतीयांनी नेलेला रोटी प्राटा हे सारे एकाच छपराखाली मिळते. बहुतेक गाळ्यांवर मोजकेच पदार्थ होतात आणि एकच हात वर्षानुवर्षे ते करत असतो. २०१६ मध्ये अशा दोन साध्या गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला, तेव्हा जगाला त्याचे नवल वाटले. स्थानिकांना त्या गाळ्यांसमोरच्या रांगा आधीपासून परिचित होत्या.

दोघांनी मिळून खाण्याचा फायदा इथे कळतो. चार गाळ्यांवरच्या चार थाळ्या मागवून वाटून घेता येतात. यामागे शरीराचा एक नियम आहे. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी उतरते, पण न खाल्लेल्या पदार्थाची ओढ तशीच राहते. संशोधक बार्बरा रोल्स यांनी १९८१ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट मांडली गेली. समोर वैविध्य असले की माणूस भुकेपेक्षा जास्त खातो, हे त्यातूनच पुढे येते. म्हणून जी युक्ती पहिल्या दिवशी सोयीची, तीच शेवटच्या दिवशी अंगावर येते: जीभ नवा पदार्थ मागतच राहते आणि पोट केव्हाच भरलेले असते.

शेवटचे जेवण सर्वांत भारी हवे, या समजुतीला मानसशास्त्राचाही आधार दिला जातो. डॅनियल कानेमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगात लोकांनी १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात मिनिटभर हात बुडवला. दुसऱ्या खेपेस तेवढ्याच वेळानंतर आणखी अर्धा मिनिट हात पाण्यात ठेवायचा होता, मात्र त्या वेळात पाण्याचा थंडपणा किंचित कमी होत गेला. पुन्हा कोणती खेप घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली, कारण तिचा शेवट बरा होता. पण जेवणाच्या स्मृतीवर २००७ मध्ये आणि सुट्टीच्या स्मृतीवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शेवटाचे हे वजन फारसे दिसले नाही. सुट्टीच्या बाबतीत सर्वांत वेगळा किंवा सर्वांत लक्षात राहिलेला दिवस अधिक निर्णायक ठरला. म्हणजे परतीच्या दिवशी चिली क्रॅबवर मोठा खर्च केला म्हणून सहलीची आठवण सुधारेल, याची खात्री नाही.

उलट, ‘हे शेवटचे’ ही जाणीवच चव वाढवते. एड ओब्रायन आणि फीबी एल्सवर्थ यांच्या २०१२ च्या प्रयोगात लोकांना एकामागून एक पाच चॉकलेटे दिली गेली. पाचवे देताना काहींना ‘हे पुढचे’ असे सांगितले, तर काहींना ‘हे शेवटचे’. शेवटचे म्हणून खाणाऱ्यांना ते अधिक आवडले. शेवटचे असण्यानेच चव आपोआप वाढत असेल, तर त्या दिवशीचा पदार्थ महाग किंवा अपूर्व असण्याची गरज उरत नाही.

म्हणून आवडलेल्या गाळ्यावर पुन्हा जाणे शहाणपणाचे ठरते. सकाळी कोळशावर भाजलेला पाव, त्यात लोण्याचा काप आणि नारळाचे दूध, अंडी, साखर व पांदानच्या पानांचा काया. सोबत सोया सॉस व पांढरी मिरी घातलेली अर्धवट उकडलेली अंडी आणि कोपी, म्हणजे तिथली कॉफी. पहिल्या दिवशी कोपी मागताना गोंधळलेले जोडपे आता बिनसाखरेची किंवा कमी गोड कोपी तिथल्या रिवाजाने मागते, कागदी रुमालांचे पाकीट ठेवून टेबल राखते आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवते. एवढी ओळख नव्या ठिकाणी मिळत नाही. मात्र अनेक गाळे आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात आणि काहींचा माल दुपारीच संपतो. दुसरा पर्याय आधीच ठरवून ठेवावा.

उरलेल्या वेळात खरेदी होते. काया आणि सांबल ही मिरचीची चटणी विमान सुरक्षेच्या नियमांत द्रवपदार्थच मानले जातात, त्यामुळे १०० मिलिलिटरहून मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही. ती मोठ्या बॅगेत ठेवावी. उग्र वासाचे डुरियन फळ तर सिंगापूरच्या मेट्रोतही नेता येत नाही. भारतात मांसाचे पदार्थ, रोपे आणि बिया आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून तो मोह टाळलेला बरा.

विमानातल्या जेवणाला शेवटचे जेवण मानू नये. केबिनमधली हवा अतिशय कोरडी आणि दाब कमी असतो. लुफ्तान्सासाठी फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या चाचण्यांत अशा स्थितीत मीठ आणि साखर मंद लागतात असे आढळले. मनातले शेवटचे जेवण जमिनीवरच उरकावे.

नव्या-जुन्याच्या वादावर तोडगा सोपा आहे: एक थाळी आवडीची आणि एक न चाखलेली मागवून दोन्ही वाटून खाव्यात. यादीतले राहिलेले तसेच राहू द्यावे. सिंगापूरची यादी आठवडाभरात कोणाचीच संपत नाही, आणि संपवण्याच्या हट्टापायी शेवटचा दिवस अपचनात घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.